फुकट कार्डाचा खर्च कोणाच्या खाती?

अमेरिकेत सतत विमानाने हिंडणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. कंपनीच्या कामासाठी आठवड्यातून दोनदा शहर बदलणारे विक्री-अधिकारी, सल्लागार, वकील अशी माणसे त्यात येतात. विमान कंपनी त्यांच्या प्रवासाचा हिशेब ठेवते आणि त्यांना रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम अशा चढत्या श्रेणीचा विशेष दर्जा बहाल करते. हा दर्जा मिळाला की सामानाचे वेगळे पैसे पडत नाहीत, इतरांच्या आधी विमानात जाऊन बसता येते आणि पुढच्या वर्गातील जागा रिकामी असेल तर तीही कधी कधी पदरात पडते. या वर्गाला अलीकडे एक शहाणपणाचा सल्ला सर्रास दिला जातो. विमान कंपनी आणि बँक यांनी मिळून काढलेल्या क्रेडिट कार्डासाठी शंभर-दीडशे डॉलर वार्षिक शुल्क भरू नका. वार्षिक शुल्क नसलेले कार्ड घ्या.

सल्ला चुकीचा नाही. शुल्क घेणाऱ्या कार्डाचे मुख्य आमिष म्हणजे पहिल्या बॅगेचे पैसे माफ आणि विमानात आधी प्रवेश. ज्याच्यापाशी विशेष दर्जा आहे त्याला या दोन्ही गोष्टी आधीच मिळतात. त्यासाठी पुन्हा पैसे मोजणे म्हणजे घरात विहीर असताना पाणी विकत घेणे. म्हणून डेल्टाचे ‘स्कायमाइल्स ब्लू’ किंवा युनायटेडचे ‘गेटवे’ यांसारखे बिनशुल्क कार्ड घ्यावे, खर्च त्यावर करावा, दरमहा बिल पूर्ण फेडावे आणि जमलेल्या मैलांवर वर्षातून एकदा कुटुंबाला सहलीला न्यावे. एक पैसा शुल्क नाही, एक पैसा व्याज नाही आणि वर विमानाचे तिकीट. या गृहस्थाच्या हिशेबात कोणालाही खोट काढता येणार नाही.

परंतु हा हिशेब एका माणसाचा आहे. समाजाच्या खतावणीत तो मांडायचा तर जमेच्या प्रत्येक रकमेसमोर खर्चाची रक्कम कोणाच्या तरी नावे दाखवावी लागते. बँक शुल्क घेत नाही, व्याज घेत नाही, उलट विमान कंपनीकडून मैल विकत घेऊन ग्राहकाला वाटते. बँका धर्मादाय संस्था नव्हेत. मग हे तिकीट कोणाच्या पैशाने निघते? आपल्याकडेही विमानतळावरील फुकट लाउंजची आणि ‘आजीवन शुल्क नाही’ अशा कार्डांची जाहिरात जोरात चालू असताना हा प्रश्न केवळ अमेरिकेपुरता राहिलेला नाही.

एकाच वर्षीचे दोन निर्णय

या कार्डाची जन्मकथा १९७८ या वर्षापर्यंत मागे नेता येते. त्याआधी चार दशके अमेरिकेत विमानाचे भाडे सरकारी मंडळ ठरवीत असे. भाडे सर्वांचे सारखे असल्यामुळे स्पर्धा चाले ती जेवण, आसने आणि वेळापत्रक यांत. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमान वाहतूक नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि भाड्याची स्पर्धा सुरू झाली. एका कंपनीने भाडे उतरवले की प्रवासी तिकडे धावू लागला. त्याला बांधून ठेवायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हान्टेज’ योजनेच्या रूपाने दिले. जितके मैल उडाल तितके मैल तुमच्या खाती जमा, आणि पुरेसे साठले की तिकीट मोफत. काही दिवसांतच युनायटेडने तशीच योजना काढली आणि बाकीच्यांना मागोमाग जाणे भाग पडले.

त्याच १९७८ सालच्या डिसेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्केट नॅशनल बँकेच्या प्रकरणात निकाल दिला की, बँक ज्या राज्यात नोंदलेली असेल त्या राज्याचा व्याजदर ती अन्य राज्यांतील ग्राहकांकडूनही घेऊ शकते. ज्या राज्यांनी सावकारी व्याजाला मर्यादा घातल्या होत्या त्यांच्या कायद्यांना यामुळे वळसा घालण्याची वाट मिळाली. सिटीबँकेने आपला कार्ड-व्यवसाय न्यूयॉर्कमधून साउथ डकोटा या लहानशा राज्यात हलवला, तो याच निकालामुळे. व्याजावरची वेसण सुटल्यावर कार्ड हा बँकांचा भरघोस कमाईचा धंदा झाला.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते १९८० नंतरच्या दशकात. १९८७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्स आणि सिटीबँक यांनी संयुक्त कार्ड काढले. आता मैल मिळवण्यासाठी विमानात बसण्याची गरज उरली नाही. किराणा घेतला, पेट्रोल भरले तरी मैल जमू लागले. वार्षिक शुल्काचीही हळूहळू गरज संपली. सिअर्स या दुकानदार कंपनीने १९८५-८६ मध्ये शुल्क न घेता उलट खर्चाचा अंश परत देणारे ‘डिस्कव्हर’ कार्ड आणले आणि १९९० मध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने पहिल्या वर्षी येणाऱ्या ग्राहकांना जन्मभर शुल्क नसलेले कार्ड दिले. शुल्क माफ झाले याचे कारण औदार्य नव्हते. दुकानदाराकडून मिळणारा कट आणि थकबाकीदाराकडून मिळणारे व्याज एवढे घसघशीत होते की वार्षिक शुल्काची चिल्लर सोडून देणे परवडत होते.

आज परिस्थिती अशी आहे की, विमान उडवण्यापेक्षा मैल विकणे हा अधिक निर्धोक व्यवसाय ठरला आहे. डेल्टा कंपनीला अमेरिकन एक्स्प्रेसकडून २०२४ मध्ये सुमारे ७.४ अब्ज डॉलर मिळाले. कंपनीचा त्या वर्षीचा संपूर्ण निव्वळ नफा याच्या निम्म्याहून कमी होता. २०२० मध्ये महामारीने विमाने जमिनीवर बसवली तेव्हा युनायटेड आणि डेल्टा यांनी, आणि पुढच्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने, कर्ज उभारण्यासाठी तारण दिल्या त्या आपल्या मैलांच्या योजना. एकट्या अमेरिकन एअरलाइन्सने या तारणावर १० अब्ज डॉलर उभे केले. धावपट्टीवर उभ्या विमानांपेक्षा ग्राहकांच्या खात्यांतील आकडे धनकोंना अधिक भरवशाचे वाटले.

याचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. विमान कंपन्यांच्या हाती जणू खासगी टांकसाळ आली आहे. मैल हे चलन तीच कंपनी पाडते, बँकेला तीच विकते आणि एका तिकिटासाठी किती मैल लागतील हेही तीच, केव्हाही, ठरवते. पूर्वी पंचवीस हजार मैलांत मिळणारे तिकीट उद्या चाळीस हजारांना झाले तर दाद कोठे मागणार? विशेष दर्जाचेही तेच झाले आहे. २०२२ पासून अमेरिकन एअरलाइन्सने दर्जा देताना कार्डावरील खर्चही मोजण्यास सुरुवात केली. पुरेसा खर्च करणारा मनुष्य विमानाची पायरी न चढताही मानकरी होऊ शकतो. डेल्टाने २०२४ पासून उडालेले मैल मोजणे सोडून केवळ खर्च मोजणे पत्करले. प्रवाशाच्या निष्ठेचे बक्षीस म्हणून निघालेली योजना आता खर्च करण्याच्या ऐपतीचे बक्षीस झाली आहे.

पैसे कोण भरतो?

कार्डाने शंभर डॉलरची खरेदी झाली की दुकानदाराच्या हाती साधारण अठ्ठ्याण्णव डॉलर पडतात. मधले दोन डॉलर दुकानदाराची बँक, व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखी यंत्रणा आणि कार्ड देणारी बँक यांच्यात वाटले जातात आणि त्यांतला सिंहाचा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. मैल, लाउंज, सवलती हे सारे मुख्यतः या वाट्यातून निघते. कार्ड जितके मानाचे तितका हा कट मोठा. दुकानदार हे दोन डॉलर पदरचे सोडत नाही; तो मालाच्या किमतीतच ते धरतो. किंमत मात्र सर्वांना एकच असते. म्हणजे नोटा मोजून दूध घेणारी सफाई कामगार स्त्रीही तीच वाढीव किंमत देते. फरक इतकाच की तिला मैल मिळत नाहीत.

हा केवळ तर्क नाही. बोस्टन येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये या व्यवहाराचे मोजमाप केले. त्यांचा अंदाज असा की, रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डधारकांच्या पदरात टाकते आणि कार्डधारक कुटुंबाला वर्षाला ११३३ डॉलर मिळतात. उत्पन्नानुसार पाहिले तर वर्षाला वीस हजार डॉलरच्या आत मिळवणारे कुटुंब सरासरी २१ डॉलर देते आणि दीड लाखाच्या वर मिळवणारे कुटुंब ७५० डॉलर घेते. देणाऱ्याची रक्कम लहान आहे, म्हणून ती त्याला जाणवत नाही आणि तो तक्रारही करत नाही. अशा न जाणवणाऱ्या लहान रकमा गोळा करूनच मोठ्या रकमा उभ्या राहतात. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. फरक एवढाच की येथे आयजीला आपण उदार झालो आहोत याचा पत्ताही नाही.

दुसरा भरणारा आहे तो स्वतः कार्डधारकच, पण वेगळा कार्डधारक. बिल पूर्ण न फेडता थोडे थोडे फेडणाऱ्यांकडून अमेरिकेत वर्षाला वीस टक्क्यांहून अधिक व्याज घेतले जाते. अलीकडच्या एका संशोधनात असे आढळले की, बक्षिसे देणाऱ्या कार्डांमुळे दरसाल सुमारे १५ अब्ज डॉलर कमी शिकलेल्यांकडून अधिक शिकलेल्यांकडे आणि गरीब वस्त्यांकडून श्रीमंत वस्त्यांकडे सरकतात. एकाच बँकेचे, एकाच रंगाचे कार्ड दोघांच्या खिशात असते. एकजण हिशेबी असल्यामुळे तिकीट मिळवतो. दुसरा अडचणीत असल्यामुळे, किंवा अटींचा बारीक मजकूर न उमगल्यामुळे, त्या तिकिटाचे पैसे भरतो.

तीन आक्षेप

याला उत्तरे दिली जातात आणि ती ऐकून घेतली पाहिजेत. पहिले असे की, कार्ड घेण्याची सक्ती कोणावर नाही. सज्ञान माणसाने कर्ज काढले तर व्याज भरावे. हे खरे असले तरी अर्धे खरे आहे. व्याज भरणाऱ्याने निदान स्वतः कर्ज काढले. रोखीने दूध घेणाऱ्या स्त्रीने काय काढले? तिच्यावर तर किमतीची सक्तीच आहे. शिवाय कार्डाची विक्री ‘कर्ज घ्या’ असे सांगून होत नाही. ती ‘बक्षीस घ्या’ असे सांगून होते.

दुसरे उत्तर असे की, कार्डामुळे दुकानदाराचाही लाभ होतो. रोकड मोजणे, सांभाळणे, बँकेत नेणे याला खर्च येतो; चोरीची भीती असते; आणि खिशात पैसे नसलेला ग्राहकही खरेदी करून जातो. या मुद्द्यात तथ्य आहे. रोख व्यवहार फुकट असतो असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणून दुकानदाराने सेवेचे मोल काहीच देऊ नये असे कोणी म्हणणार नाही. पण सेवेचे मोल एक आणि तिसऱ्याच माणसाच्या विमान-तिकिटाची वर्गणी दुसरी. साध्या डेबिट कार्डाने हीच रक्कम याच यंत्रावरून, याच तारांवरून जाते, तेव्हा तिला बरेच कमी मोल पुरते. यावरून सेवेचा खर्च किती आणि वर्गणी किती याचा अंदाज येतो.

तिसरे उत्तर सर्वांत वजनदार आहे. कट कमी करण्याचा कायदा केला तर बँका दुसऱ्या वाटेने पैसे वसूल करतात. अमेरिकेत २०१० च्या वित्तीय सुधारणा कायद्यातील डर्बिन दुरुस्तीने मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डावरील कटाला मर्यादा घातली. ती २०११ मध्ये लागू होताच डेबिट कार्डावरची बक्षिसे बहुतेक नाहीशी झाली आणि काही बँकांनी खात्यावरचे शुल्क वाढवले. किमती मात्र ग्राहकाच्या नजरेत भरतील इतक्या उतरल्या नाहीत. हा अनुभव विसरून चालणार नाही. परंतु दुसरीकडचे अनुभवही आहेत. ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये क्रेडिट कार्डावरील या कटाला मर्यादा घातली आणि दुकानदाराला कार्डावर वेगळा आकार लावण्याची मोकळीक दिली. युरोपीय संघाने २०१५ मध्ये मर्यादा घातली ती क्रेडिट कार्डाला शेकडा ०.३ आणि डेबिट कार्डाला शेकडा ०.२ अशी. दोन्हीकडे बक्षिसे आटली. कार्डे मात्र बंद पडली नाहीत आणि विमानेही उडत राहिली. यावरून एवढे तरी सिद्ध होते की, बक्षिसांशिवाय कार्ड चालतच नाही हा समज खरा नाही.

आपल्या दारात

आपल्याकडे १९८० मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाने पहिले क्रेडिट कार्ड काढले तेव्हा ती मूठभरांची चैन होती. २०२४ च्या प्रारंभी देशातील क्रेडिट कार्डांच्या संख्येने १० कोटींचा टप्पा ओलांडला. शाळेच्या शिक्षक-खोलीत, कचेरीच्या उपाहारगृहात, महाविद्यालयाच्या फाटकाशी कार्डाचे अर्ज घेऊन तरुण उभे राहतात. त्यांच्या हातातल्या पत्रकावर विमानाचे चित्र असते. ज्याला अर्ज द्यायचा तो वर्षातून एकदा गणपतीला कोकणात एसटीने जाणारा असला तरी पत्रकावरचे विमान बदलत नाही.

आपल्या विमान कंपन्यांच्या मैलांची कथाही शिकण्यासारखी आहे. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये थांबली, विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. विस्ताराच्या प्रवाशांचे पॉइंट नव्या योजनेत वळते झाले. प्रत्येक वेळी असे होईलच याची हमी कोणी दिलेली नाही. विमानतळावरील लाउंजचेही तसेच. कार्ड दाखवा आणि फुकट जेवा, अशी सोय सरसकट देणाऱ्या अनेक बँकांनी गर्दी वाढताच ठरावीक खर्चाची अट घातली. म्हणजे फुकट जेवणासाठी आधी काही हजारांची खरेदी आली.

मात्र आपल्या देशाने एक निराळी गोष्ट करून दाखवली आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना बिनकटाचा व्यवहार उपलब्ध करून दिला. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवर दुकानदाराकडून काही घेऊ नये असा नियम झाला. हेही खरोखर फुकट नाही. लहान दुकानदारांच्या व्यवहारांपोटी केंद्र सरकारने २०२४-२५ या वर्षासाठी सुमारे १५०० कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली होती आणि ती करदात्यांच्या पैशातूनच येते. पण हा खर्च अंदाजपत्रकात छापला जातो आणि त्यावर संसदेत प्रश्न विचारता येतो. मालाच्या किमतीत लपलेल्या कटावर कोणी कोठे प्रश्न विचारायचा?

खरा पेच पुढेच आहे. डेबिट कार्डावरील कटाला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घालून दिली आहे. क्रेडिट कार्डावरील कटाला तशी मर्यादा नाही. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले. दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारात लहान दुकानदाराला सूट आहे, हे योग्यच झाले. परंतु पॉइंटांच्या मोहाने ग्राहकाने प्रत्येक खरेदी क्रेडिटवर करायची सवय लावून घेतली, तर बिनकटाच्या रस्त्यावर हळूहळू जकातनाके उभे राहतील आणि अमेरिकेतील दोन डॉलरची कथा आपल्या किराणा दुकानात घडू लागेल.

चाळीस हजारांचा धडा

शिक्षक, कारकून आणि नुकतीच नोकरी लागलेला पदवीधर यांना याहून जवळचा प्रश्न व्याजाचा आहे. आपल्याकडे बऱ्याच कार्डांचा व्याजदर महिन्याला शेकडा साडेतीनच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जातो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला आहे अशी न्यायालयाची भूमिका होती. कायद्याच्या दृष्टीने ती बरोबर असेल. परंतु त्यामुळे जबाबदारी आता निःसंदिग्धपणे रिझर्व्ह बँकेच्या शिरावर आली आहे.

उदाहरणच घेऊ. घरात लग्न निघाले आणि कार्डावर चाळीस हजारांची थकबाकी राहिली. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून पाच टक्के, म्हणजे दोन हजार रुपये छापलेले असतात. ते भरले की कर्तव्य पार पडले असे वाटते. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी चाळीस हजारांचे व्याज झाले १४०० रुपये. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर २५२ रुपये. दोन हजारांतून १६५२ वजा गेले. मुद्दल फिटले केवळ ३४८ रुपये. त्यातच नियम असा की, मागील बाकी राहिली तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही रद्द होते. आज घेतलेल्या साखरेवर आजपासून व्याज सुरू. आणि या चाळीस हजारांच्या खर्चावर पॉइंट किती मिळाले? शंभराला एक रुपया या उदार दराने धरले तरी ४०० रुपयांचे. एका महिन्याच्या व्याजाने आणि कराने त्याच्या चौपट रक्कम नेली. कार्डावर वार्षिक शुल्क शून्य होते, हे अक्षरशः खरे आहे.

येथे आपल्याच मध्यमवर्गाने उभारलेल्या एका संस्थेची आठवण होते. शिक्षकांच्या, बँक कर्मचाऱ्यांच्या, गिरणी कामगारांच्या पगारदार पतपेढ्यांनी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या लग्ने, घरे, शिक्षणे पार पाडली. तेथेही कर्ज मिळते आणि तेथेही व्याज द्यावे लागते. पण त्या व्याजातून उरलेला नफा लाभांश म्हणून सभासदांकडेच परत येतो. देणारा आणि घेणारा एकाच सभेत सतरंजीवर शेजारी बसतात आणि व्याजदरावर भांडतात. पतपेढ्यांत गैरकारभार झाले, काही बुडाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही ज्याच्या पैशावर दुसऱ्याला सवलत मिळते त्याला ते ठाऊक असावे आणि त्यावर बोलण्याचा हक्क असावा, हे तत्त्व त्यांनी मान्य केले होते. कार्डाच्या व्यवहारात नेमके तेच तत्त्व हरवले आहे.

काय करता येईल?

कार्डावर बंदी घाला असे म्हणणे आततायीपणाचे होईल. अडीअडचणीला, परगावी, रुग्णालयाच्या खिडकीशी कार्डाने अनेकांची लाज राखली आहे. मागणी हवी ती प्रकाशाची आणि मर्यादेची. पहिली गोष्ट, प्रत्येक कार्डधारकाला वर्षअखेर एक सरळ हिशेब मिळाला पाहिजे. वर्षभरात किती रुपयांचे पॉइंट मिळाले आणि किती रुपये व्याज, दंड व कर म्हणून भरले, हे दोन आकडे शेजारी शेजारी, मोठ्या टायपात आणि ग्राहकाच्या भाषेत छापलेले असावेत. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड लांबते असा इशारा देणे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी बँकांना बंधनकारक केलेच आहे. पण इशाऱ्यापेक्षा स्वतःच्या खात्यातला आकडा अधिक बोलका असतो.

दुसरी गोष्ट, क्रेडिट कार्डाच्या कटालाही डेबिट कार्डाप्रमाणे वरची मर्यादा असावी आणि कार्ड जितके मानाचे तितका कट अधिक ही प्रथा आवरली जावी. विमान-प्रवासाची बक्षिसे ज्याला द्यायची त्या बँकेने ती आपल्या नफ्यातून किंवा त्या कार्डाच्या शुल्कातून द्यावीत. तिसरी गोष्ट, यूपीआयचा बिनकट रस्ता लहान दुकानदारासाठी कायम मोकळा राहील याची ग्वाही सरकारने द्यावी. या तीन गोष्टी केल्या तर बक्षिसे काही अंशी आटतील. नित्य विमानाने फिरणाऱ्याला याचे वाईट वाटेल. परंतु त्याला सामान, आसन आणि मान विमान कंपनीकडून मिळतोच आहे. त्याच्या सहलीची वर्गणी भाजी मंडईतून गोळा करण्याचे कारण नाही.

आणि हे होईपर्यंत? ज्याला दर महिन्याचे बिल दर महिन्याला पूर्ण फेडता येते त्याने बिनशुल्क कार्ड खुशाल वापरावे. त्यात अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही, फक्त हे आपल्या हुशारीचे फळ आहे असा गैरसमज नसावा. ज्याला ते जमत नाही त्याने पत्रकावरच्या विमानाकडे पाहू नये. त्याच्यासाठी पतपेढीचा अर्ज कमी आकर्षक कागदावर छापलेला असतो, दोन जामीनदार शोधावे लागतात, सचिवांच्या समोर बसून कारण सांगावे लागते. पण त्या अर्जावर व्याजाचा दर पहिल्याच पानावर असतो.